अकरा किलोचा पियानो

— पण हे लोकांच्या डोक्यात भरवलं कुणी, अंकल? जड तेच खरं आणि हलकं ते खेळणं, हे? कुणीतरी भरवलंय ना. कुणीतरी कॉलेजात चार बुकं शिकतं, फोनवर शंभर व्हिडिओ बघतं आणि मग साध्यासुध्या माणसांना सांगत सुटतं — अठ्ठ्याऐंशी पट्ट्या हव्यात, पट्टी बोटाला वजनदार लागली पाहिजे, बावीस किलोच्या खालच्याला पियानो म्हणूच नये — आणि माणसं ऐकतात. बिचारी ऐकतात, उचलतात, खांद्याची सालटं काढून घेतात, आणि सांगणारं माणूस धक्क्यावर उभं राहून नुसता हात हलवतं. अशा माणसाला खरं तर — जाऊ दे. तुम्ही फोनवर अकरा किलो म्हणालात. काट्यावर घातला होता, की अंदाजे? नाही, विश्वास नाही असं नाही हो. मागच्या आठवड्यात नाबुआतल्या एका बाईंनी नऊ किलो सांगितलं, आणि मी आणि वाइसाले दोघं मिळून उचलतोय तर आतून दोन कोंबड्या बाहेर आल्या. खरंच. अंडी होती आत. चर्चमध्ये दोन वर्षं पडून होता म्हणे, फक्त नाताळात वाजायचा. वाइसाले म्हणजे तो बाहेर ट्रकमध्ये बसलाय तो, माझा मामेभाऊ. नाही, येणार नाही तो आत, चहाही घेणार नाही, तुम्ही काही वाटून घेऊ नका. पूर्वी असा नव्हता. आमच्यात मामेभाऊ-आतेभाऊ म्हणजे एकमेकांची टर उडवायचा जन्मसिद्ध हक्क — पूर्वीचा वाइसाले असता ना, तर त्या कोंबड्यांवर त्यानं वर्षभर पोट भरलं असतं. त्या दिवशी नुसता बघत राहिला.

बरं, लावा ना वीज. हा तुमच्या मुलाचाच ना? लग्नाच्या बँडमधला? हळदीचा डाग आहे इथं, वरच्या पट्ट्यांवर. असू दे, असू दे, पुसू नका — उदबत्तीचा वासही येतोय, छान आहे. आमच्याकडच्यांना फक्त गंज आणि मिठाचा वास येतो. मुलगा ब्रिस्बेनला गेला का? मग तिकडं नवा घेतला असेल. सगळे जातात. पियानो मागं ठेवून जातात, आणि आईबाप त्याच्यावर कपड्यांच्या घड्या ठेवतात. नाही, मी टोमणा नाही मारला, माझ्या जिभेला हाडच नाही, बुबूपण हेच म्हणते — बुबू म्हणजे माझी आजी — म्हणते, तोरिका, तुझं तोंड आणि कोयता एकाच दुकानातून आणलाय.

तुम्ही वाजवा. नाही, तुम्हीच. मी ऐकते. मला येतं वाजवायला, चांगलं येतं, पण मी नाही हात लावणार. तुम्ही भजनाला पेटी वाजवता ना, मग झालं तर, मला गाणं नकोच आहे. एकच पट्टी दाबायचीय. मधली कुठलीही. आधी एकदम हळू — मांजराच्या पाठीवर बोट ठेवावं तसं. हं. आता तीच, जोरात. हं. ऐकलंत? नुसता आवाज वाढला नाही, आवाजाची जातच बदलली. हळू वाजवला तर लाकूड ऐकू येतं, जोरात वाजवला तर तार. स्वस्तातल्यांमध्ये हळू म्हणजे बारीक आणि जोरात म्हणजे मोठा, बस, तोच माणूस जवळ आला आणि लांब गेला. पण माणूस कुजबुजताना वेगळा असतो आणि हाका मारताना वेगळा, हो की नाही? आता दाबून धरा. सोडू नका. विझू दे त्याला आपोआप. बघा, इथं सगळे पकडले जातात — सुवामधल्या त्या मोठ्या दुकानात तीन हजार डॉलरची चिठ्ठी लावलेला होता एक, सात मोजेपर्यंत ठीक, आणि मग सुरू झालं त्याचं — वूं, वूं, वूं — तोच तुकडा गोल गोल फिरतोय. दुकानदार म्हणतो, मॅडम, वाजवताना कुणाला कळतं? कळतं हो. सगळ्यांना कळतं. आमच्या गावात चार सुरांत गाणारी सत्तर माणसं आहेत, त्यात दात नसलेल्या म्हाताऱ्यासुद्धा आपला सूर सोडत नाहीत, आणि त्यांच्यापुढं काय ठेवायचं, तर कुणीतरी परदेशातून बोटीत टाकून दिलेलं, बटण दाबलं की ढोलकी वाजणारं खेळणं. मला राग येतो त्याचा. आपल्याला कमी चालतं असं आधीच ठरवून टाकलंय सगळ्यांनी. चालतं, चालतं, बेटावर काय, चालतं. मी म्हटलं, नाही चालणार. मी म्हटलं होतं तसं. मोठ्यानं म्हटलं होतं.

विझला? अजून आहे. कान द्या. अजून आहे थोडा — गेला. एकवीस मोजले मी. चांगला आहे, अंकल. तुमच्या मुलाला कान आहे.

आता पायानं दाबायचं पेडल लावून, खालपासून वरपर्यंत हात फिरवा, एकेक पट्टी, सोडायचा नाही पाय. फिरवा. हे का सांगते, कारण ह्यात एका वेळी किती सूर जिवंत राहतात ते मोजलेलं असतं. ह्यात चौसष्ट असणार, ह्या वयाचा आहे म्हणजे चौसष्टच. पासष्टावा वाजवलात की सगळ्यात जुना मरतो. आवाज नाही, काही नाही, गुपचूप. नव्याला जागा करून द्यायला. चांगल्या यंत्रात तो असा मरतो की कळत नाही. वाईट यंत्रात भोक पडल्यासारखं ऐकू येतं. मी पहिल्यांदा हे वाचलं ना, तेव्हा अपिसाईला वाचून दाखवलं होतं — अपिसाई माझा मोठा भाऊ — तर म्हणतो, मग चौसष्टच वाजवू या की, कशाला कुणाला मारायचं. तो असा होता. कुठल्याही गोष्टीतनं त्याला कमी कष्टाची वाट दिसायची आणि ती बरोबर असायची, ह्याचाच मला राग यायचा.

होता. हो, होता म्हटलं मी.

काळे कपडे बघून तुम्ही दारातच ओळखलंत ना, मला दिसलं. तुमच्यात तेरावा, आमच्यात शंभरावी रात्र. तोपर्यंत प्रत्येकानं काहीतरी सोडायचं. बुबूनं चहातली साखर सोडली, नव्वदाव्या वर्षी, जी साखरेसाठी जगत होती. धाकट्या मामानं मासे सोडले. वाइसाले केस कापत नाही, ते तर दिसतंच, पण त्यानं आणखी काहीतरी सोडलंय आणि सांगत नाही — विचारायचं नसतं, ज्याचं त्याला माहीत. आणि मी पट्टीला बोट लावत नाही. चौदा घरांत गेले, चौदा माणसांना म्हटलं तुम्ही वाजवा, आणि चौदाही जणांनी माझ्याकडं असं बघितलं की ही पोरगी चोर तरी आहे नाहीतर वेडी तरी. पॅसिफिक हार्बरच्या हॉटेलातला एक वादक तर म्हणाला, बाई, घोडा घ्यायचा आणि बसायचं नाही? म्हटलं, शनिवारी बसणार आहे.

शनिवारी शंभर पूर्ण होतात. आज बुधवार, सत्त्याण्णव. शनिवारी सगळ्यांचे काळे कपडे उतरवतील, केस कापतील, जेवण होईल, आणि नवीन चर्चही त्याच दिवशी उघडणार आहे, तेव्हाचं राहिलेलं. बुबूनं सांगितलंय की तोरिका वाजवेल. मला विचारलं नाही. आमच्याकडं विचारत नाहीत. म्हणून मला शुक्रवारच्या बोटीत बसेल असा, सहाशेच्या आत बसेल असा, एका माणसाला एका हातानं उचलता येईल असा पियानो हवाय. एका हातानं. दुसरा हात मोकळा राहिला पाहिजे. हे कुठल्याच दुकानात सांगता येत नाही हो. तिथं विचारतात, मॅडम, किती आवाज हवेत, व्हायोलिन हवं, बासरी हवी? मला बासरी नकोय. मला मोकळा हात हवाय.

अंकल, आता एक विशिष्ट पट्टी सांगते. मधोमध तीन काळ्या पट्ट्या आहेत ना जवळजवळ, त्यांच्या डावीकडची पांढरी. आम्ही त्याला फा म्हणतो. नाही, आत्ता नको. थांबा जरा. आधी दुसरं काहीतरी वाजवा. भजनातलं वाजवा एखादं. हो, काहीही.

…

छान वाजवता तुम्ही. विकताय कशाला खरं म्हणजे. बोटं दुखतात? की घरात तो दिसला की मुलगा आठवतो? तुमच्या मागं उभ्या मावशी नाही म्हणतायत मान हलवून, म्हणजे तेच असणार. मावशी, विनाका, थँक्यू, ठेवा इथं — सैना केलात? आमच्याकडं ह्याच अळूच्या पानांत नारळाचं दूध घालतात, पण तुमची ही तळलेली वडी मला जास्त आवडते, बुबूला सांगू नका. एक वाइसालेला नेऊन देते मग. घेईल की नाही कोण जाणे. तो आता कुणाच्या हातचं घेताना असा घेतो, जसं त्यानं ते चोरलंय. आणि ह्या पियानोचे पैसे त्याचेच आहेत, माहितीय? बोट विकली त्यानं. चाळीस घोड्यांचं इंजिन, फायबरची होडी, नवी होती, गावात तसं इंजिन कुणाकडं नव्हतं. विकली आणि पैसे माझ्या मांडीवर ठेवले, म्हणाला, पियानो घे. एवढंच. मी म्हटलं, अरे, तू कशाला, तू तर वाचलास बिचारा, तुझा काय दोष. तर उठून गेला.

त्या दिवशी दोघंच होते त्या होडीत. वाइसाले चालवत होता आणि अपिसाई पुढं बसला होता, पियानोपाशी. तो बावीस किलोचा होता. बाहेरच्या खोक्यासकट तीस. मी आणला होता, दोन वर्षं गावातल्या पोरांकडून, शहरातल्या नातेवाइकांकडून पैसे जमवून, सिडनीहून मागवला होता, अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, आणि काय आवाज, अंकल — एकदा दाबला की खोलीतली हवा बसायची. अपिसाई म्हणाला होता, चर्च उघडायला माझा छोटाच नेऊ या, एकसष्ट पट्ट्यांचा, काखेत मारून नेतो, मोठा नंतर मोठ्या बोटीनं जाईल. वारा बघ, म्हणाला. मी म्हटलं, खेळणं नेणार तू? वादळात छप्पर उडालेलं चर्च तीन वर्षं राबून बांधलं लोकांनी, आणि तू पहिल्या दिवशी त्यात खेळणं वाजवणार? तो हसला. म्हणाला, चल वाइसाले, महाराणीचं सामान उचल.

मी दुसऱ्या दिवशी गायकांचे कपडे घेऊन जाणार होते. मी धक्क्यावरच होते.

नाही, मी बरी आहे. बसते. बसते म्हटलं ना.

वाऱ्यात होडी उलटली. वाइसालेला संध्याकाळी एका मासेमारीच्या बोटीनं उचललं, होडीही ओढून आणली. अपिसाईला नाही. अकरा दिवस शोधलं. पियानो मात्र आला. तिसऱ्या दिवशी, आमच्याच बेटाच्या प्रवाळावर, स्वतःहून, जसा काही पत्ता माहीत होता. निळी ताडपत्री गुंडाळलेली, आणि त्या ताडपत्रीला — होडीत जॅकेटं दोनच होती, अंकल, तरंगायची. एक वाइसालेच्या अंगावर होतं. चालवणाऱ्यानं घालायचंच असतं, आम्हीच त्याला ओरडून ओरडून सवय लावली होती. आणि दुसरं पियानोला बांधलेलं होतं. माणसाला बांधावं तसं. पोटाभोवती.

अशी बांधलेली गाठ की बायकांना सुटेना. दातानं ओढली, सुटेना. दोन फेरे, मग टोक मधून वर काढलेलं, आणि परत त्याच्याच खाली दाबलेलं, घट्ट, दगड. शेवटी बुबूनं कोयता मागवला आणि कापली. आणि बघा ना, माझ्या भावाला बुटाची नाडी बांधता यायची नाही. जन्मभर सपाता घालून हिंडला, बुबू म्हणायची ह्याच्या लग्नात ह्याची टाय बायकोच्या भावांना बांधावी लागेल. त्या माणसानं ती गाठ बांधली. किती जीव लावून बांधली असेल. किती भीती असेल त्याला. समुद्राची नाही — समुद्राला नव्हता भीत तो.

पोलिसांनी वाइसालेला विचारलं, जॅकेटं किती? म्हणाला, दोन. एक माझ्या अंगावर होतं. झालं. पुढचं कुणी विचारलंच नाही, काय विचारायचं, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग पुरायचं काय, हा प्रश्न आला. चटया होत्या, झाडाच्या सालीचं कापड होतं, सगळीकडून माणसं आली होती, आणि मधे ठेवायला कुणी नाही. बुबू म्हणाली, त्याला आणा आत. लोकांना वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. म्हणाली, समुद्रानं बदल्यात दिलंय ते आणा आत. आणला. चटयांवर ठेवला, बायका भोवती बसल्या, जशा बसतात तशाच. पाद्री म्हणाले, बुबू, असं आपल्या पुस्तकात कुठं नाहीये. तर ती म्हणाली, तुमच्या पुस्तकात समुद्र आहे ना, मग तिथं शोधा आणि माझा नातू काढून द्या, मी हा बाहेर ठेवते. पाद्री बसले खाली.

मी तिथंच होते. मला त्याच्याकडं बघवत नव्हतं. आणि चौथ्या दिवशी दुपारची प्रार्थना झाली, आणि धाकट्या मामाच्या मनात काय आलं, त्यानं जनरेटरची तार आणून त्याला जोडली. मेलाय का बघू, म्हणाला. तीन दिवस समुद्रात होता, कुणाला वाटलं होतं काही होईल म्हणून? दिवा लागला. छोटा लाल दिवा असतो ना, तो. आणि तो फा वाजला.

कुणी दाबला नव्हता. ओल गेली असणार आत, मला माहितीय, मी शिकलेली आहे, मला सांगू नका, खारं पाणी आत गेलं की तसं होतं, आपोआप जोडलं जातं आणि सुटतं. पण तो वाजायचा, विझायचा, पार विझायचा, आणि आपण श्वास सोडावा तर पुन्हा वाजायचा. हळू. कुणीतरी दाराबाहेर उभं आहे आणि आत यायला लाजतंय, तसं. मामा तार काढायला गेला तर बुबूनं त्याच्या हातावर चापट मारली. म्हणाली, बोलू दे त्याला. आणि मग कुणीतरी बाईनं तो सूर उचलला, गाणं सुरू केलं, तिथून दुसरीनं, मग सगळ्यांनी, चार सुरांत, सत्तर माणसं, त्या एका फा वर. पेट्रोल संपेपर्यंत. सगळे रडत होते आणि सगळ्यांना बरं वाटत होतं. मला सोडून. कारण तो काय बोलतोय ते मला एकटीलाच कळत होतं.

तोच पुरला. आजोबांच्या शेजारी. बावीस किलो. मला आता तो सगळीकडं ऐकू येतो — बस दार उघडते तेव्हा, फ्रिज सुरू होतो तेव्हा. चौदा घरांत मी जाऊन सांगते, चांगला पियानोचा आवाज हवाय, हळू वाजवा, जोरात वाजवा, आणि शेवटी म्हणते, आता ती पट्टी. आणि प्रत्येक वेळी मला वाटतं, ह्यात तो तसा वाजू नये. आणि तसा नाही वाजला की मी म्हणते, हा नको. हे कुणाला सांगायचं? दुकानातल्या माणसाला?

वाजवा आता. तीन काळ्यांच्या डावीकडची. हळू.

…

पुन्हा.

…

नाही, काही नाही. चांगला आहे. तुमच्या ह्यात तो — तसा नाहीये, पण लांबून त्याच घरातला आहे. मावशी, पाणी द्या ना.

मी काय म्हटलं होतं सांगू का धक्क्यावर? कुणाला सांगितलं नाही मी. बुबूला नाही. वाइसालेला सांगायची गरज नाही, तो तिथंच होता, होडीत उभा राहून ताडपत्री ओढत होता, दोघंही ऐकत होते. मी म्हटलं, हे बघा, तुम्ही भिजलात तरी चालेल, ह्याला पाण्याचा थेंब लागला तर मला तोंड दाखवू नका. हसत नव्हते मी. चेष्टेत म्हटलं असं आता मी स्वतःला सांगते, पण चेष्टेत नव्हतं. मला खरंच तसं वाटत होतं तेव्हा. मला वाटत होतं हा पियानो म्हणजे आमच्या गावाची — काय म्हणतात — शान. आणि त्यानं ऐकलं. अंगातलं जॅकेट काढलं आणि माझ्या पियानोला घातलं. मी सांगितलं ते अक्षरन् अक्षर केलं त्यानं. त्याच्या परीनं थेंब लागू दिला नाही आणि तोंडही दाखवलं नाही. आणि शनिवारी मी नव्या चर्चमध्ये बसून वाजवायचं, आणि सत्तर माणसं माझ्याकडं प्रेमानं बघणार, बिचारी तोरिका, भाऊ गेला. म्हणून म्हटलं, कुणी भरवलं हे डोक्यात. तुम्ही उगीच मघाशी मान डोलावलीत. मी माझ्याबद्दलच बोलत होते.

बघू नका हो असं. सोडा. मी एवढं कुणाशी बोलत नाही. तुमच्या ह्या व्हरांड्यात वारा चांगला येतो, त्यामुळं झालं. हे घ्या, सहाशे. मोजून घ्या. नाही? साडेपाचशे? नको, मला कुणाची दया नको, तुमच्या मुलाला कळलं तर — बरं. बरं. मावशी, तुमच्या नवऱ्याला व्यापार जमत नाही. घेतला. विनाका. मी एका हातानं उचलून बघू? बाहेरून हात लावला तर चालतं, पट्टीला नाही. बघा. उचलला. एका हातानं उचलला, अंकल. हा हात मोकळा आहे बघा माझा.

वाइसाले. ए वाइसाले, मागची फळी उघड. ही वडी घे आधी. घे म्हणते ना. आणि इकडं धर, हळू, आडवा ठेव, गोणपाट घाल खाली. असा नुसता ठेवू नकोस, बांध. बांध म्हणजे दोरानं बांध. अंकल, ह्याची तऱ्हा सांगते, तीन महिने झाले हा ट्रकमध्ये दोरच वापरत नाही. फळीला तार, पोत्यांवर दगड, मागच्या आठवड्यात पाण्याची टाकी नेली तर ती मी मिठी मारून धरून बसले होते नौसोरीपासून. हा होडीवरचा माणूस, झोपेत गाठी मारायचा. नाही, आज ऐकणार नाही मी. धरून बसणार नाही. तुझं शंभर रात्रींचं जे काय असेल ते तीन दिवस आधी सुटलं तर देव काही म्हणणार नाही, रस्त्यात किती खड्डे आहेत माहितीय ना, आणि ह्याला एक जरी धक्का लागला ना, तर वाइसाले, मला —

मला काही नाही. बांध तू.

बरं अंकल, आम्ही नेतो ना तुम्हाला शनिवारी, तुम्ही आणि मावशी याच, होडीची भीती वाटत असेल तर मोठी बोट आहे सकाळची. तुमच्या मुलाला सांगा, हळदीचा डाग आम्ही पुसणार नाही. बघा, नाही म्हणत होता, पण हात कसे चालतात बघा. दोन फेरे. टोक मधून वर. आणि परत त्याच्या —

वाइसाले.

वाइसाले, ही गाठ —

“पाण्यात पडल्यावर सोडवायला बघितली मी, तोरिका. ओली गाठ सुटत नाही.”